पेटीच्या नोटेशनमध्ये स्वरानुसार रंग आणि आकार: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

विदर्भातल्या खेड्यापाड्यांत भजनाच्या चाली कानानेच पुढे जातात. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं म्हणणाऱ्या मंडळांतही पेटीवाला ऐकून ऐकूनच तयार होतो. ही पद्धत चांगलीच आहे आणि ती सोडायची गरज नाही. पण शाळकरी पोरांना पाच ओळींचं नोटेशन शिकवायचं असेल, तर प्रत्येक स्वराला ठरलेला रंग किंवा आकार दिल्याने सुरुवात खूप सोपी होते. त्यासाठी म्यूझस्कोर आणि लिलीपाँड ही नोटेशन लिहायची दोन मोफत सॉफ्टवेअरं पुरेशी आहेत.

आधी एक गोष्ट पक्की करा: रंग कशाला द्यायचा, पट्टीला की स्वराला? म्यूझस्कोरचं कलर नोट्स हे प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडून चालवायचा छोटा प्रोग्राम) पट्टीला रंग देतं. पांढरी एक लाल, पांढरी दोन नारिंगी, पांढरी तीन पिवळी, अशा सप्तकातल्या बारा पट्ट्यांना बारा रंग. ही रंगसंगती बूमव्हॅकर नावाच्या, वाजवायच्या प्लास्टिक नळ्यांवरून घेतलेली आहे. आपल्याकडे मात्र सा हलतो. कोणी काळी एकमध्ये गातं, कोणी पांढरी चारमध्ये. पांढरी चारमध्ये लिहिलेल्या भजनावर प्लगइन चालवलं तर सा पोपटी होतो आणि पंचम लाल. म्हणून भजन नेहमी पांढरी एकला सा धरून लिहा, त्यातच रंग भरा आणि पट्टी बदलायची असेल तर शेवटी टूल्स मेनूतल्या ट्रान्सपोजने बदला. रंग नोटेला चिकटलेला असतो, तो नोटेबरोबरच सरकतो.

प्लगइन चालू करायला म्यूझस्कोर 4 मध्ये होम पानावरच्या प्लगइन्स विभागात जा, कलर नोट्स निवडून एनेबल करा. मग भजन उघडून वरच्या प्लगइन्स मेनूतून ते चालवा. काही निवडलेलं नसेल तर सगळ्या भजनाला रंग लागतो, निवडलं असेल तर तेवढ्यालाच.

नवखे अडकतात ते इथेच. हे प्लगइन काळी नोट रंगवतं आणि रंगीत नोट पुन्हा काळी करतं. रंगवून झाल्यावर अंतऱ्यात चार नोटा वाढवल्या आणि प्लगइन परत सगळ्यावर चालवलं, तर नव्या चार रंगीत होतात, बाकी सारं भजन काळं. अशा वेळी फक्त नव्या नोटा निवडून चालवा. दुसरा घोळ याहून वाईट, कारण तो पटकन दिसत नाही: रंगवलेली नोट बाणाच्या बटणाने वर-खाली केली तरी रंग जुनाच राहतो. रिषभाच्या जागी गंधार केला, तरी तो नारिंगीच दिसतो आणि पोरगं नारिंगी पाहून रे वाजवतं. म्हणून चाल पूर्ण तपासून झाल्यावरच रंग भरावा.

यापुढचा प्रश्न छपाईचा. तालुक्याच्या गावी रंगीत प्रिंट महाग पडते, म्हणून एक रंगीत प्रत काढून बाकीच्या झेरॉक्स करतात. पण हे रंग करड्या छटेत बदलले की काय होतं ते पाहा. 0 म्हणजे काळा आणि 255 म्हणजे कोरा कागद धरला, तर लाल सा येतो सुमारे 92 वर, जांभळा धैवत 93 वर आणि कोमल धैवताचा निळा 88 वर. म्हणजे तिन्ही एकच. पिवळा गंधार 224 वर जातो, जवळजवळ पुसलाच जातो. दोन मात्रांची पोकळ नोट असेल तर नुसती बारीक कड उरते. गंधाराचा रंग बदलून गडद मोहरी करा: एका गंधारावर राइट क्लिक, सिलेक्ट, मोअर, सेम पिचवर खूण, मग प्रॉपर्टीजमधून लाल 179, हिरवा 134, निळा 0. सेम पिच त्याच सप्तकातला स्वर घेतं, त्यामुळे मंद्र आणि तार सप्तकातले गंधार वेगळे निवडावे लागतात.

तरीही एकट्या रंगावर भिस्त ठेवू नये. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी मुलंही असतात. रंगासोबत आकार द्या. 1846 मध्ये अमेरिकेत जेसी एकिन यांनी सात स्वरांना सात आकार दिले, ते म्यूझस्कोरमध्ये तयार मिळतात: सा त्रिकोणी, ग पत्त्यांतल्या चौकटसारखा, प नेहमीसारखा गोल, ध चौकोनी. ओळींवर राइट क्लिक करून स्टाफ-पार्ट प्रॉपर्टीज, तिथून अ‍ॅडव्हान्स्ड स्टाइल प्रॉपर्टीज, आणि नोटहेड स्कीममध्ये सात आकारांची एकिन पद्धत निवडा. आकार प्लगइनसारखे पट्टीवरून ठरत नाहीत, की-सिग्नेचरवरून, म्हणजे ओळींच्या सुरुवातीला एकदाच लिहिलेल्या कोमल-तीव्र चिन्हांवरून, ठरतात. काफी थाटाचं, म्हणजे ग आणि नी कोमल असलेलं, भजन दोन कोमलांची की-सिग्नेचर देऊन लिहिलं, तर सॉफ्टवेअर काळी पाचला सा समजतं आणि सगळे आकार चुकतात. की-सिग्नेचर कोरी ठेवा आणि कोमल ग, कोमल नी जागच्या जागी चिन्हाने लिहा. शुद्ध आणि कोमल गंधाराचा आकार एकच राहतो. फरक चिन्ह आणि रंग दाखवतात, आणि शिकवायला ते सोयीचं पडतं.

नोटांखाली सा रे ग म देवनागरीत लिहायचं तर लिरिक्स म्हणून भरा: कंट्रोल आणि एल, एक अक्षर, स्पेस, पुढचं अक्षर. चौकोनी डबे आले तर टेक्स्ट स्टाइल्समध्ये लिरिक्सचा फॉन्ट मंगल किंवा नोटोचा देवनागरी ठेवा. पेज सेटिंग्जमध्ये ओळींमधलं अंतर मूळचं 1.75 मिलिमीटर असतं. दोन-तीन पोरं एका कागदावरून वाचणार असतील तर ते 2.5 च्या आसपास न्या.

मंडळाची भजनं वाढली आणि चाली वारंवार दुरुस्त होऊ लागल्या की लिलीपाँड शिकणं फायद्याचं. तिथे नोटा टाइप करून लिहायच्या असतात आणि रंगाचा नियम फाइलच्या वर एकदाच द्यायचा. दर वेळी पीडीएफ बनवताना रंग नव्याने ठरतो, त्यामुळे जुना रंग चिकटून राहत नाही. नियमात स्वर दोन गोष्टींनी ओळखला जातो: 0 ते 6 हा नावाचा क्रमांक आणि अर्ध्याने चढ किंवा उतार. तीव्र मध्यम म्हणजे क्रमांक 3, अधिक अर्धा. तोच स्वर कोणी उतरलेला पंचम म्हणून लिहिला, तर पट्टी एक असूनही नियम लागू होत नाही. शिवाय ट्रान्सपोज केलं की नियमाला बदललेले स्वर दिसतात, म्हणून पट्टी बदलल्यावर रंगांची यादीही तेवढीच सरकवावी लागते.

पेटीच्या पट्ट्यांवर त्याच रंगाच्या टिकल्या लावायच्या असतील तर बोट पडतं तिथे लावू नका, घामाने सुटतात; पट्टीच्या मागच्या भागात लावा.