पलटणीतला जुना डगला कसा ओळखावा आणि त्याचे मोल कसे ठरवावे

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या कितीतरी घरांच्या माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक असते आणि तिच्यात आजोबा-पणजोबांचा पलटणीतला डगला असतो. मराठा लाइट इन्फन्ट्री आणि महार रेजिमेंट यांत या पट्ट्यातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या भरती होत आली. महाड तालुक्यातल्या एका गावाचे नावच फौजी आंबवडे आहे. अशी ट्रंक पाहायला मिळाली, तर पहिले काम म्हणजे काहीही न झटकता, न धुता आतल्या वस्तूंचा क्रम टिपून घेणे आणि प्रत्येक थराचे छायाचित्र काढणे. खिशातला पेन्शनचा कागद, तळाशी पडलेले पदक आणि डगला यांचे एकत्र जे मोल असते, ते तिन्ही वेगवेगळे झाल्यावर कधीच उरत नाही.

ओळख कापडापासून सुरू करावी. दिवसाउजेडी, खिडकीशी बसून कापड हाताळावे. खाकी ड्रिल, म्हणजे आपण ज्याला जीन म्हणतो ते तिरप्या विणीचे सुती कापड, दोन्ही महायुद्धांत वापरात होते. पहिल्या महायुद्धातल्या हिंदी शिपायाचा डगला पुष्कळदा लांब आणि कुडत्याच्या घाटाचा असतो. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या थंडीसाठी जाड लोकरी सर्जचा आखूड बॅटलड्रेस मिळे, तर ब्रह्मदेशाच्या जंगलासाठी १९४३-४४ नंतर हिरव्या रंगाचे सुती कपडे आले. टेरिकॉट, म्हणजे सूत आणि कृत्रिम धागा यांच्या मिश्रणाचे कापड हाताला लागले, तर तो डगला स्वातंत्र्यानंतरचा आहे, हे निश्चित समजावे. शंका असेल, तर शिवणीच्या आतून सुटलेला धाग्याचा एखादा तुकडा घेऊन तो जाळून पाहावा: सुताची कागद जळल्यासारखा वास येऊन राख होते, लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी बनतो. अतिनील दिव्याखाली निळसर चमकणारा शिवणीचा धागाही अलीकडचा असण्याचा संभव मोठा. मात्र घरच्या बाईने तो डगला कधी साबणाच्या पावडरीत धुतला असेल, तर खरा जुना कपडाही चमकतो, म्हणून ही खूण एकटी पुरावा मानू नये.

यानंतर अस्तर, गळपट्टी आणि खिशांच्या आतल्या बाजूचे शिक्के शोधावेत. हिंदुस्थानात तयार झालेल्या लष्करी मालावर रुंद बाण, म्हणजे सरकारी मालाची खूण, आणि त्याबरोबर इंग्रजी आय हे अक्षर असते. बाण एकटा किंवा डब्ल्यू डी (वॉर डिपार्टमेंट, म्हणजे ब्रिटिश युद्धखाते) या अक्षरांसह असेल, तर माल बहुधा विलायतेचा. शाई फिकट झाली असेल, तर कापड तिरप्या उजेडात धरावे. शिक्का ठळक करण्यासाठी ते ओले करू नये.

बटणांकडे मात्र वेळ द्यावा, कारण फसवणूक बहुतेक तिथेच होते. जीनच्या डगल्याची पितळी बटणे शिवलेली नसतात. डगला धोब्याकडे जाताना ती काढता यावीत म्हणून कापडातल्या भोकातून मागची कडी आत घेऊन तिच्यात तारेचे वळे अडकवलेले असते. म्हणजेच बटणे बदलणे हे दोन मिनिटांचे काम आहे. म्हणून डगला उलटा करून भोकांच्या कडा पाहाव्यात. वर्षानुवर्षे तेच बटण बसलेले असेल, तर कडीभोवती कापड दबून गुळगुळीत झालेले असते आणि वळ्याच्या आकाराचा हिरवट किंवा तांबूस डाग पडलेला असतो. पाच बटणांपैकी चारांमागे असा डाग आहे आणि पाचव्यामागे कोरे कापड आहे, असे दिसले, तर पाचवे नंतरचे, असे समजावे. बटणावरचा मुकुटही काळ सांगतो. १९०१ पासूनच्या राजांच्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या वर फुगलेल्या असतात. १९५३ पासून आलेल्या राणीच्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खचलेल्या असतात, आणि भारत तर १९५० मध्येच प्रजासत्ताक होऊन मुकुटाऐवजी अशोकस्तंभाचे सिंह आले होते. त्यामुळे आपल्या पलटणीच्या डगल्यावर एलिझाबेथ राणीचा मुकुट दिसला, तर ते बटण तिथले नाही, हे वेगळे सांगायला नको.

खांद्यावरची पितळी अक्षरेही अशीच वाचावीत. १९०३ च्या फेररचनेत १०३, ११०, ११७ असे क्रमांक मराठा पलटणींना मिळाले आणि १९२२ मध्ये त्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत एकत्र आल्या. म्हणजे नुसता १०३ हा आकडा असलेला डगला या दोन सालांमधला असला पाहिजे. आरमाराच्या कपड्यांतही हाच न्याय लागतो: रॉयल इंडियन नेव्ही हे नाव १९३४ ते १९५० एवढेच टिकले, त्याआधी ती रॉयल इंडियन मरीन होती.

कापड, दंडावरचा बिल्ला आणि छातीवरच्या पदकांच्या फिती या तिघांनी एकच हकीकत सांगितली पाहिजे. मार्च १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, मणिपुरातल्या सांगशाकला लढलेली मराठ्यांची चौथी पलटण तेविसाव्या हिंदी डिव्हिजनमध्ये होती. त्या डिव्हिजनचा बिल्ला पिवळ्या वर्तुळावर लाल झुंजार कोंबड्याचा. तो हिरव्या सुती सदऱ्यावर आणि निळ्या, लाल, नारिंगी रंगांच्या बर्मा स्टार या पदकाच्या फितीसोबत शोभतो. इटलीतल्या लोकरी बॅटलड्रेसवर तो दिसला, तर विचारपूस करावी. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते मराठ्यांच्या तिसऱ्या पलटणीचे होते. त्यांच्या सोबत्याचा म्हणून दाखवलेल्या डगल्यावर लाल, पांढऱ्या, हिरव्या रंगांची इटली स्टारची फीत असायला हवी. फीत काढलेली असेल, तरी खिशाच्या वर कापडाची कमी विटलेली पट्टी आणि सुईच्या भोकांची रांग राहते, आणि ती मोजून किती फिती होत्या, हे कळते.

आपल्याकडे आणखी एक सावधगिरी लागते. शिमग्याच्या सोंगांत आणि गावच्या नाटकांत खरे डगले वापरले गेले, तसेच मुंबईच्या ड्रेसवाल्यांकडून भाड्याने आणलेले नकली डगलेही गावांत राहून गेले. नाटकातल्या डगल्याला शिक्का नसतो आणि बाही बहुधा घाईने दुमडून टाचलेली असते. खऱ्या डगल्यावर गुलालाचा किंवा रंगाचा डाग असला, तर त्याने किंमत थोडी उतरते, पण अस्सलपणा जात नाही.

किंमत ठरवताना मी नेहमी नावाला पहिले स्थान देतो. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर आणि हिंदी सैन्याला दिलेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या स्टार पदकांच्या मागे शिपायाचा क्रमांक व नाव कोरलेले असते. तोच क्रमांक डगल्यात शाईने लिहिलेला आणि पेन्शनच्या कागदावरही असला, तर कसरीने खाल्लेला डगलाही कोऱ्या, निनावी डगल्यापेक्षा मोलाचा आहे. त्यानंतर मूळ भाग किती शाबूत आहेत, हे पाहावे आणि कापडाची स्थिती शेवटी. बाजारभावासाठी विक्रेत्याने मागितलेली किंमत धरू नये. लिलावात खरोखर विकल्या गेलेल्या वस्तूंचे आकडे पाहावेत आणि बोलीवर लिलावगृहाचे शुल्क वेगळे लागते, हे ध्यानात ठेवावे. घरच्यांकडून विकत घेताना त्यांना आधी वस्तूचे खरे मोल सांगावे, कागदांच्या चांगल्या प्रती करून द्याव्यात आणि म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेली माहिती तारखेसह लिहून त्यांची सही घ्यावी. यात कसूर करणाऱ्याला मी संग्राहक मानत नाही.

कायद्याच्या दोन गोष्टी आहेत. शंभर वर्षे पूर्ण झालेली ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते आणि ती खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धातले डगले आता या मर्यादेत आले आहेत. आपण सैनिक आहोत असे भासवण्यासाठी लष्करी गणवेश घालणे हाही गुन्हा आहे.

राहिला प्रश्न जपणुकीचा. आमच्या खाऱ्या हवेत पावसाळ्याचे चार महिने पितळ हिरवे पडते आणि लोकरीला कसर लागते. तरी बटणे घासू नयेत. सुरुवातीच्या काळात मी एका डगल्याची बटणे चकचकीत केली आणि पॉलिशचा पांढरा थर कापडात कायमचा बसला. लोकरी डगला हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवल्यास कसर मरते, पण बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण दिवसभर उघडू नये, नाहीतर कापडावर दव धरते. नंतर कांजी न केलेल्या धुतलेल्या मलमलीत तो सैल गुंडाळावा, घड्यांमध्ये मलमलीच्याच वळकट्या घालाव्यात, डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू देऊ नयेत आणि दसरा-दिवाळीच्या कोरड्या दिवसांत एकदा सावलीत उघडून घड्यांच्या जागा बदलाव्यात.