लाल पेन उचलण्याआधी

कर्णबधिर मुलांच्या शाळेत रुजू होऊन दोन महिने झाले होते. मुख्याध्यापकांनी माझ्या तिसरीच्या वर्गाच्या वह्या मागवल्या, चाळल्या आणि मला शाबासकी दिली. अक्षर खरंच सुरेख होतं. काना, मात्रा, वेलांटी जागच्या जागी, खाडाखोड नाही. त्याच दुपारी मी एका मुलाला त्याच्याच वहीतलं ‘बाळूने गाईला चारा घातला’ हे वाक्य दाखवलं आणि खुणेनं विचारलं, चारा कुणी खाल्ला? त्यानं ‘बाळू’वर बोट ठेवलं. शेजारच्या मुलीनंही बाळूच दाखवला. वर्गातल्या आठही मुलांना विचारून झालं आणि मी खुर्चीत बसून राहिले. दोन महिने ही लेकरं रांगोळी काढावी तशी अक्षरं काढत होती.

आज कोल्हापुरात कर्णबधिर मुलांना लिहा-वाचायला शिकवून मला 16 वर्षं झाली. या कामात नव्यानं येणाऱ्या मुली-मुलं बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतात, बाराखडी कशी शिकवायची? म्हणून मला त्या दुपारपासून सुरुवात करावीशी वाटली.

ऐकू येणारं मूल सहाव्या वर्षी शाळेत येतं तेव्हा त्याच्याकडे घरची सगळी मराठी असते. ‘कमळ’ कानाला माहीत असतं, फक्त ते कागदावर कसं दिसतं एवढंच शिकायचं असतं. आमच्या मुलांपैकी बहुतेकांचे आईवडील ऐकणारे. घरात हातवारे चालतात ते जेवण, पाणी, झोप, मार आणि बाहेर जाणं एवढ्यापुरते. एका आईनं प्रवेशाच्या दिवशी मला सांगितलं होतं, “बाई, ह्याला काय बी समजंना. खायला दिलं की खातोय, एवढंच.” मूल हुशार होतं, पण सहा वर्षांत त्याच्याशी पूर्ण वाक्यात कुणी बोललेलंच नव्हतं. अशा मुलासमोर ‘क कमळाचा’ म्हणून फळ्यावर क काढला तर त्याला त्यातला आवाज नाही, शब्दही नाही. उरतो तो फक्त आकार.

ओठांवरून वाचेल असं म्हणाल, तर आरशासमोर उभं राहून आवाज न काढता पापा, बाबा, मामा असं म्हणून बघा. तिन्ही एकसारखे दिसतात. क, ग, ह तर घशातच होतात, ओठांवर काहीच दिसत नाही. ओष्ठवाचनाचा आधार होतो, पण ज्याला भाषा आधीच येते त्याला जास्त. मधल्या गाळलेल्या जागा तो अंदाजानं भरतो. आमच्या मुलाकडे भरायला शब्दच नसतात.

मी या मुलांना शिकवण्याची पदविका केली तेव्हा भर बोलण्यावर होता, हात शक्यतो खाली. 1880 मध्ये मिलान शहरात बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली, तिथं खुणांपेक्षा बोलून शिकवण्याची पद्धत श्रेष्ठ ठरवली गेली. त्या ठरावाची सावली जगभरच्या वर्गांवर शंभर वर्षांहून जास्त राहिली. मीही त्याच सावलीत शिकले होते. माझं मत बदललं ते आमच्या शिवणाच्या ताईंमुळे. त्या स्वतः जन्मापासून कर्णबधिर. मधल्या सुट्टीत मुलं डबा अर्धा टाकून त्यांच्याभोवती जमायची. एकदा त्या जोतिबाच्या चैत्र यात्रेत लहानपणी कशा हरवल्या ते सांगत होत्या. गुलालानं सगळी माणसं एका रंगाची झालेली, आईचं लुगडं ओळखू येईना, सासनकाठीच्या उंचीकडे बघत बघत त्या परत जागेवर कशा आल्या. बोलणं सगळं हातांनी आणि चेहऱ्यानं. मुलं श्वास रोखून बघत होती. तासाला मी तीच गोष्ट पाच सोप्या वाक्यांत फळ्यावर लिहिली आणि विचारलं, आई कुठं होती? गुलाबी कोण झालं? हात वर झाले, उत्तरं बरोबर आली, आणि एका मुलानं उठून ‘हरवली’ या शब्दाखाली स्वतःहून रेघ ओढली. माझ्या वर्गातलं ते पहिलं खरं वाचन.

तेव्हापासून माझा क्रम ठरला. आधी अनुभव, मग त्यावर खुणांच्या भाषेत भरपूर बोलणं, मग फळ्यावर लेखन, आणि वही सगळ्यात शेवटी. यासाठी तुम्हाला भारतीय सांकेतिक भाषा नीट यायला हवी, चार-दोन खुणा येऊन भागत नाही. ती मराठीचं हातांनी केलेलं रूपांतर नाही. तिच्यात प्रश्नाचा शब्द शेवटी येतो, नकार शेवटी येतो, काळ दाखवायला ‘काल’, ‘उद्या’ आधीच सांगून टाकतात, विभक्तीचे प्रत्यय नसतातच. दिल्लीला 2015 मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. त्यांच्या शब्दकोशाची 2021 मधली आवृत्ती 10,000 शब्दांची आहे आणि चित्रफिती मोबाइलवर बघता येतात. त्याचा रोज उपयोग करा. पण गावोगावच्या खुणांत फरक असतो, म्हणून शाळेतल्या मोठ्या मुलांकडून आणि कर्णबधिर प्रौढांकडून शिकायला लाजू नका. माझी निम्मी भाषा त्या शिवणाच्या ताईंची आहे.

अनुभव म्हणजे काय, तर आमच्याकडे गुऱ्हाळ आहे. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की मी वर्ग घेऊन शहराबाहेर जाते. चरकात ऊस जातो, रस काहिलीत पडतो, चुलवणात चिपाडं जळतात, गूळ करणारा गुळव्या भेंडीचं पाणी घालून वर आलेली मळी काढतो, मग गूळ वाफ्यात ओततात. मुलांना हे सगळं दिसतं, वास येतो, चटका जाणवतो. परतल्यावर दोन दिवस आम्ही नुसतं हातांनी बोलतो, चित्रं काढतो, कुणी गुळव्या होतं, कुणी काहील. तिसऱ्या दिवशी खडू हातात.

आणि इथंच मराठी आपला खरा स्वभाव दाखवते. ‘ऊस’ शिकवला आणि पुढच्या वाक्यात ‘उसाचा रस’ आला. आपल्या कानाला ते एकाच शब्दाचं पुढचं पाऊल वाटतं. डोळ्यानं वाचणाऱ्या मुलाला ते दोन वेगळे शब्द आहेत, पहिलं अक्षरसुद्धा वेगळं. शाळा-शाळेत, पाऊस-पावसात, घोडा-घोड्यावर, सगळीकडे हेच. पाठ्यपुस्तक याला सामान्यरूप म्हणतं आणि चौथी-पाचवीनंतर शिकवतं. आम्हाला ते पहिल्या आठवड्यातच लागतं. मी भिंतीवर शब्दांची घरं करते: एका घरात ऊस, उसाचा, उसात, उसाला, सगळ्यांच्या वर एकच चित्र. व्याकरणाचा शब्द वापरत नाही. एका घरातली माणसं एवढंच.

बाळू-गाईचं कोडं सोडवायला मला तीन वर्षं लागली. उत्तर मुलांच्या हातातच होतं. सांकेतिक भाषेत ‘देणे’ ही खूण देणाऱ्याकडून निघते आणि घेणाऱ्याकडे जाते. मी हाताचा तो प्रवास फळ्यावर बाणानं काढला. बाण निघतो तिथं ‘ने’, पोचतो तिथं ‘ला’. आईने, बाळाला, दूध, दिलं. मग बाण उलटा केला: बाळाने, आईला, फूल, दिलं. मुलं जागेवर उठून एकमेकांना वस्तू देऊ लागली आणि गळ्यात ‘ने’ आणि ‘ला’च्या पाट्या अडकवू लागली. हे सगळ्या क्रियापदांना लागू होत नाही, ‘मला आंबा आवडतो’ आलं की बाण मोडतो. पण तोवर प्रत्यय म्हणजे अर्थ, हे मुलाच्या मनात पक्कं झालेलं असतं.

‘गुळव्याने मळी काढली’ आणि ‘गुळव्याने गूळ ओतला’ यातला ली-ला मात्र अजूनही मला दमवतो. ‘ने’ लागला की क्रियापद माणसाकडे पाठ फिरवतं आणि वस्तूकडे बघतं, असं मी शिकवते. काही मुलांना लगेच कळतं, काही सातवीत गेली तरी अडखळतात. घाई करून उपयोग नाही.

आता चुकांबद्दल, कारण माझ्या मते या कामाचं सगळं मर्म तिथं आहे.

ऐकणारी मुलं ‘पाणी’चं ‘पानी’ करतात, कारण ती आवाजावरून लिहितात. माझ्या मुलांनी तशी चूक क्वचितच केली. ती ‘घर’चं ‘धर’ करतात, ‘भात’चा ‘मात’, ‘बटाटा’चा ‘टबाटा’. शब्द त्यांच्या डोळ्यांत चित्रासारखा साठलेला असतो आणि त्यातला तुकडा हलतो. त्यांना ‘नीट ऐक’ किंवा ‘मोठ्यानं म्हण’ असं सांगणं व्यर्थ आहे. शब्द झाकून ठेवून आठवणीतून मांडायचे खेळ द्या, अक्षरांच्या ठोकळ्यांवर हात फिरवू द्या.

एका वर्षी माझ्याकडे दोन मुलं शेजारी बसायची. कायद्याच्या भाषेत दोन्ही कानांना 70 डेसिबल किंवा जास्त ऱ्हास असलेला बधिर, आणि 60 ते 70 मधला कमी ऐकणारा. मुलगा पहिल्या गटातला, मुलगी दुसऱ्या. दोघांनी बाजाराबद्दल लिहिलं. मुलगा: ‘मी बाजार जाणे. आई भाजी.’ मुलगी: ‘मी आईबरोबर बाजारात गेलो. मी जिलेबी खाल्ली.’ मी दोघांच्या वह्यांवर लाल गोल केले. ‘गेलो’वरचा गोल तर जरा ठळकच, कारण मुलीनं मुलासारखं लिहिलं होतं. संध्याकाळी तिची आई न्यायला आली आणि निघताना म्हणाली, “येतो हं बाई, उशीर झाला.”

मी कोल्हापूरची. माझी आजी आयुष्यभर ‘मी जातो, मी करतो’ म्हणत होती, आणि माझ्या लक्षात आलं नाही. त्या लेकरानं श्रवणयंत्रातून आईची भाषा ऐकली होती, अगदी शेवटच्या स्वरापर्यंत. तिचा ‘गेलो’ म्हणजे तिला काय ऐकू येतं याचा ऑडिओग्रामपेक्षा, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखापेक्षा, बोलका पुरावा होता, आणि मी तो लाल शाईनं खोडला. दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं की घरी ‘गेलो’, पुस्तकात ‘गेले’, दोन्ही बरोबर. आणि मुलाच्या ‘मी बाजार जाणे’कडे पुन्हा पाहिलं तर तिथंही खुणांच्या भाषेचा क्रम तंतोतंत होता. एकाला मी खुणांतून मराठीकडे न्यायचं होतं, दुसरीला ऐकण्यातून. एकाच गोलानं दोघांनाही काहीच मिळालं नसतं.

श्रवणयंत्राचंही सांगते. सकाळी पहिलं काम यंत्र तपासणं. आ, ई, ऊ, म, स, श हे सहा ध्वनी तोंड झाकून म्हणायचे, ऐकू आला की मुलानं डब्यात मणी टाकायचा. ‘स’ला मणी पडत नसेल तर त्या दिवशी त्याच्यासाठी ‘स’ नाहीच, हे लक्षात ठेवून शिकवा. आपल्याकडचा जुलै म्हणजे यंत्रांचा शत्रू. नळीत पाणी साठतं, आवाज बसतो. रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवायला पालकांना शिकवा, डबी शाळेनं दिली तर उत्तम.

नोकरीबद्दल थोडक्यात. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला श्रवणदोषाचा विशेष शिक्षण अभ्यासक्रमच करा आणि नंतर परिषदेच्या नोंदवहीत नाव घाला. ते नसेल तर काम करता येत नाही. अभ्यासक्रमांची रचना अलीकडे बदलते आहे, तेव्हा पैसे भरण्याआधी संस्थेची मान्यता परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. जमलं तर मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा-श्रवण दिव्यांगतेची राष्ट्रीय संस्था एकदा पाहून या. विशेष शाळांखेरीज समग्र शिक्षा अभियानात गावोगावच्या साध्या शाळांत जाऊन शिकवण्याचं काम असतं. ते बहुधा कंत्राटी, प्रवास भरपूर, आणि एका मुलाला आठवड्यातून जेमतेम एकदा भेट. तिथं मुलापेक्षा त्याच्या वर्गशिक्षिकेला शिकवण्यात वेळ घाला.

आणि आईला. शनिवारी अर्ध्या तासाचा आईंचा वर्ग मी कधी चुकवत नाही. “बाई, माझंच शिक्षण चौथी,” असं म्हणणारी एक माऊली मुलाच्या खुणा शिकली आणि रोज रात्री त्याच्यासोबत एका वहीत एक वाक्य लिहू लागली. आज काय झालं, एवढंच. ‘म्हैस व्याली.’ ‘बाबाला ताप.’ तिचं शुद्धलेखन चुकायचं, पण तो मुलगा दोन वर्षांत वर्गात सगळ्यात पुढं गेला, कारण त्याच्या घरात रोज रात्री कुणीतरी त्याच्याशी बोलत होतं.

मुलांच्या चुका मी पहिल्या वर्षापासूनच्या नाही, पण त्या ‘गेलो’पासून एका जाड वहीत उतरवत आले आहे. तारीख, मुलाचं वय, यंत्र होतं की नव्हतं, घरात खुणा होत्या का, आणि वाक्य जसंच्या तसं. जूनमध्ये नवीन बाई रुजू झाल्या की मी त्यांच्या हातात आधी ती वही देते. ऑडिओग्रामच्या फायली दुसऱ्या दिवशी.