तिथी पाहून निघा: वऱ्हाडातल्या जोडप्यासाठी दापोली ते रत्नागिरी, सावकाश

तूर काढून झाली, कापसाची शेवटची वेचणी आटोपली आणि हरभरा अजून घाट्यावर आहे, अशा जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या दिवसांत दहा दिवस मोकळे करता येतात. गुरांचं पाणी-वैरण आणि गव्हाचं ओलित कोण पाहणार, हे आधी पक्कं करा. नाहीतर समुद्रावर बसूनही एकाचं लक्ष गोठ्यातच राहतं.

सगळं कोकण एका फेरीत उरकायला जाऊ नका. दापोली, गुहागर आणि गणपतीपुळे एवढा एकच पट्टा घ्या. दापोलीजवळ हर्णै-मुरूडच्या बाजूला तीन रात्री, गुहागरला तीन, गणपतीपुळ्याला दोन. रोज बॅग भरली की सुट्टीची मजा जाते.

तिकीट काढण्याआधी कॅलेंडरवर तिथी पाहा. गुहागरचा मुक्काम पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपास येईल असा बेत करा. कारण साधं आहे. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षातही एकपासूनच मोजायचं. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, मग पुन्हा भरती. भरती रोज पाऊण तासाच्या वर पुढे सरकते. या हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून होडीवाल्याला किंवा घरमालकाला एकदा विचारून घ्या.

पौर्णिमेला पाणी खूप चढतं आणि तेवढंच खूप उतरतं. संध्याकाळी साडेपाचला ओहोटी असली की गुहागरची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, लांबरुंद, ओली आणि घट्ट मिळते. गुडघे दुखणाऱ्यालाही सूर्य बुडेपर्यंत तिच्यावर चालता येतं. अष्टमीला नेमकी त्याच वेळी भरती असते, मग चालावं लागतं कोरड्या भुसभुशीत वाळूत आणि पोटऱ्या भरून येतात.

हेदवीची बामणघळ पाहायची तर हा हिशेब लागतोच. गुहागरपासून सुमारे २५ किलोमीटरवर, उमामहेश्वराच्या देवळाजवळ खडकात एक अरुंद चीर आहे. भरतीची लाट त्या चिरेत शिरते, तिला पुढे जागा उरत नाही, आणि पाणी फवाऱ्यासारखं उभं उसळतं. पौर्णिमेला साडेदहाला तिथे पोचा. दुपारी तीनला गेलात तर नुसती कोरडी भेग दिसेल, आणि बरेच जण तेवढीच पाहून परततात. चिरेच्या काठावर जाऊ नका, शेवाळलेल्या खडकावर पाय ठरत नाही. आधी घळ करा, मग दशभुजा गणपतीचं दर्शन.

विहिरीत, नदीत पोहता येतं म्हणून समुद्रात खोल शिरू नका. विहिरीचं पाणी जागेवर असतं, हे आत ओढतं. ओहोटी लागली की ही ओढ वाढते, आणि गणपतीपुळ्याला तर किनारा पटकन खोल होतो. भरती चढत असताना, म्हणजे पौर्णिमेच्या दिवसांत सकाळी आठ ते दहा, गुडघाभर पाण्यात बसा. ओढीत सापडलंच तर किनाऱ्याकडे झुंजू नका; किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर या आणि मग वळा.

जायला नागपूरहून वर्धा, बडनेरा, अकोला मार्गे मडगावला जाणारी विशेष गाडी चालू असेल तर तीच उत्तम. नसेल तर रात्रीच्या गाडीने मुंबईकडे आणि पुढे कोकण रेल्वेने खेड किंवा चिपळूण. दोन गाड्यांत किमान चार तास ठेवा. तिकिटं वेगवेगळी असली आणि पहिली गाडी रखडली, तर दुसरीचे पैसे बुडू शकतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पुढे एसटी आहेच: बाईमाणसाला अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या पुरुषालाही अर्धं, ७५ च्या पुढे मोफत. आधार कार्ड वरच्या खिशात असू द्या.

दाभोळहून धोपाव्याला आणि तवसाळहून जयगडला खाडी जंगरने ओलांडायची. माणसं, दुचाक्या, मोटारी सगळं एकाच तरीवर चढतं. घोटाळा पलीकडच्या काठावर होतो: जंगर मिळते, पण पुढची एसटी निघून गेलेली असते. मुक्कामाच्या घरमालकाला आदल्या दिवशी फोन करून रिक्षा सांगून ठेवा. हर्णैहून सुवर्णदुर्गाला होडीने जायचं तर सकाळीच. दुपारनंतर वारा उठतो, होडी हेलकावते. हर्णैचा मासळी लिलाव मात्र संध्याकाळचा.

खोली घेताना कूलरवर जाऊ नका. आपल्याकडे ४५ अंशांत कूलर गारवा देतो, कारण हवा कोरडी असते. तिथे हवेतच दमटपणा, त्यामुळे कूलरने अंथरूण चिकट होतं. जोराचा पंखा आणि समोरासमोर खिडक्या पाहा. धुतलेलं जाडं लुगडं लवकर वाळत नाही. पातळ सुती कपडे न्या. चामड्याची चप्पल खाऱ्या पाण्याने कडक होते, रबरी घ्या. चिवडा, पापड घट्ट झाकणाच्या डब्यातच, नाहीतर रात्रीतून मऊ पडतात.

दुपारचं जेवण सकाळी सांगून ठेवावं लागतं. घरगुती खानावळीत माणशी मोजूनच भात टाकतात, दोननंतर चूल थंड. चव नारळाची, आपल्यापेक्षा सौम्य, म्हणून ठेच्याची बरणी सोबत असू द्या. आधी नदीचे मासेच खाल्ले असतील तर सुरमईच्या तुकडीपासून सुरुवात करा, काटा मधोमध असतो. भाव ताटावर बसण्याआधी विचारा, मासळीचा दर रोज बदलतो.

परतीची गाडी रत्नागिरीहून घ्या. गणपतीपुळ्याहून आरे-वारेच्या रस्त्याने या आणि रिक्षेत समुद्राच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे बसा. स्टेशन शहरापासून दूर आहे, त्यामुळे थिबा राजवाडा पाहायचा असेल तर तासभर जास्तीचा धरा.