मुलांना घेऊन सार्वजनिक शौचालयात जाताय? या चुका टाळा

प्रवासात मुलाला 'शू आलीय का?' असं विचारणं ही पहिली चूक. खिडकीबाहेर बघण्यात दंग असलेलं चार वर्षांचं पोर 'नाही' असंच म्हणणार. मग गाडी खालापूरचा फूड मॉल मागे टाकते, बोरघाटात ट्रकांच्या मागे अडकते आणि त्याच तोंडून 'आई, आत्ताच्या आत्ता!' येतं. विचारू नका, सांगा: 'आता थांबलोय, सगळ्यांनी जाऊन यायचं.' सगळ्यांनी म्हणजे आईबाबांनीही. मोठी माणसं गाडीत बसून राहिली की मुलंही अडून बसतात.

समृद्धी महामार्गावर तर हे जास्तच पाळावं लागतं. नागपूर ते मुंबई असा ७०१ किलोमीटरचा हा रस्ता दोन्ही बाजूंनी बंदिस्त आहे. जुन्या हायवेसारखे वाटेल तिथे ढाबे नाहीत, पेट्रोल पंपही ठरावीक जागीच. त्यामुळे दीड-दोन तासांनी जो पंप येईल तिथे उतरायचं, टाकी भरायची असो वा नसो. पंपावरचं स्वच्छतागृह पेट्रोल न भरणाऱ्यांनाही वापरता येतं. पण बरेच जण संकोचापोटी पुढे जातात आणि मग रस्त्याच्या कडेला गाडी घेतात, जी या महामार्गावरची सगळ्यांत धोक्याची गोष्ट आहे.

एसटीत असाल तर स्टँड यायच्या आधीच विचारून ठेवा: 'मास्तर, इथे गाडी किती वेळ आहे? मुलाला घेऊन जाऊन येते.' कंडक्टर सहसा थांबतात, त्यांना कळलेलं मात्र हवं. 'गाडी सुटेल' या धास्तीने मुलाला फलाटाच्या कडेलाच शूला धरणारे आईबाप कुठल्याही स्टँडवर दिसतात. लहान तर आहे, काय होतंय? होतं काय, तर तिथेच चार पावलांवर कुणीतरी मांडीवर डबा उघडून बसलेलं असतं.

या सगळ्यावर उतारा म्हणून काही घरांत निघायच्या सकाळपासून मुलाचं पाणीच तोडतात. हे तर करूच नका. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, जळजळते, शी घट्ट होते आणि त्या त्रासाने मूल आणखीच रोखून धरतं. लघवी सतत दाबून ठेवण्यातून मूत्रमार्गाचा संसर्गही होऊ शकतो. पाणी द्या, थांबे वाढवा.

रांगेत 'लहान मूल आहे' म्हणून घुसणं

घाईला आलेल्या मुलाला कुणी अडवत नाही, हा सगळ्यांचाच अनुभव. पण विचारून पुढे जाणं वेगळं आणि कोपराने वाट काढत जाणं वेगळं. 'ताई, याला थांबवत नाहीये, पुढे सोडता का?' एवढं पुरतं. रांगेत सातवा महिना लागलेली बाई असू शकते, मधुमेह असलेल्या आजी असू शकतात, पाळी आलेली कॉलेजची मुलगी असू शकते. त्यांची घाई दिसत नाही, इतकंच.

आणि पुढे सोडलं ते मुलाला. त्याचं झालं की बाहेर यायचं. तुम्हाला स्वतःलाही जायचं असेल तर आधीच सांगा, कुणी नाही म्हणणार नाही. मुलाच्या नावावर आत शिरून स्वतःचं आवरणं, साडीच्या निऱ्या सारख्या करणं, मुलाचा अख्खा ड्रेस बदलणं, हे बाहेरच्या बायकांना दाराखालून दिसत असतं बरं का.

बायकांची रांग लांब असते याचं साधं कारण म्हणजे जागा कमी. २०११ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'राइट टू पी' चळवळीने यावरच बोट ठेवलं होतं: पुरुषांना मुतारी फुकट, बायकांकडून मात्र त्याच कामाचे पैसे, वर बायकांसाठी शौचकूपंही कमी. मग कुटुंब फिरायला निघालं की तिन्ही मुलांना त्याच लांब रांगेत आईनेच का उभं करायचं? शेजारी पुरुषांच्या बाजूला रांगच नसते आणि बाबा बाहेर बॅगा सांभाळत मोबाइल बघत असतात.

'मुलगी आहे, मी कसा नेऊ?'

हा प्रश्न बाबांना खरंच पडतो, आणि त्याचं उत्तर अवघड नाही. मॉल, विमानतळ किंवा मोठं हॉटेल असेल तर आधी फॅमिली रूम किंवा बेबी केअर रूम आहे का ते बघा. नसेल तर लहान मुलीला पुरुषांच्याच बाजूला न्यायचं. एकदा आत डोकावून बघा. मग तिला कडेवर घ्या, मुताऱ्यांकडे तिचं तोंड येणार नाही असं धरा आणि थेट दाराच्या संडासात जा. आत शिरताना 'मुलगी आहे बरोबर' असं मोठ्याने म्हटलं की लोक आपोआप आवरून घेतात. याबद्दल कुणी कुणा बापाला बोललेलं मी तरी ऐकलं नाही.

याउलट बायकांच्या दारात अर्धवट आत मान घालून 'झालं का पिलू?' असं ओरडणं चूक. दारापासून थोडं लांब, तोंड बाहेरच्या बाजूला करून उभं राहा. तिथे काम करणाऱ्या मावशींना विचारा: 'मावशी, मुलगी एकटी आहे, आवाज देता का?' त्या आवाज देतील, पण तीन-चार वर्षांच्या मुलीला कुणाही अनोळखी बाईबरोबर आत पाठवून देऊ नका, ती कितीही मायाळू दिसली तरी.

आईने मुलाला बायकांच्या बाजूला कितव्या वर्षापर्यंत न्यायचं? यावर घरोघरी वाद होतात. माझ्या मते सहा-सात वर्षं ही ठीक सीमा आहे. शाळेत तो मुलांच्या स्वच्छतागृहात एकटा जातोच आहे, आणि बाहेर रांगेत त्याच्याच वर्गातली मुलगी उभी असेल तर तिला अवघडल्यासारखं होतं. त्यानंतर पुरुषांच्या दाराबाहेर उभं राहायचं. त्याला आधीच सांगायचं: मुतारीपाशी नको, दाराच्या संडासात जा, कडी लाव, कुणाशी गप्पा नाहीत, कुणी हात लावला किंवा काही विचित्र बोललं तर ओरडत बाहेर ये. मग अधूनमधून बाहेरून हाक: 'झालं का रे?' त्याला लाज वाटेल, वाटू दे. या हाकेने आतल्या माणसांनाही कळतं की मुलाबरोबर कुणीतरी आहे.

जागा निर्जन असेल, रात्र असेल, तर आठ वर्षांच्या मुलालाही आईने आपल्याबरोबर न्यावं, बिनधास्त. फक्त त्याला बेसिनपाशी सोडून आपण आत जायचं नाही. दोघांनी एकाच दारात.

आत गेल्यावरच्या चुका

कडी मुलाच्या हाताशी ठेवून आईने बसणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक असावी. अडीच वर्षांच्या हातांना कडी म्हणजे खेळणं. मुलाला दाराच्या नव्हे, भिंतीच्या बाजूला उभं करा आणि त्याच्या हाताला काहीतरी काम द्या: टिश्यूचं पाकीट धर, ओढणीचं टोक धर. मोबाइल देऊ नका. तो पाण्यात तरी पडेल किंवा व्हिडिओ कॉल तरी लागेल. बेबी रूममध्ये बाळाचे गोड फोटो काढायचा मोहही टाळा, आरशात मागची बाई येते.

मुताऱ्यांमध्ये आणि बेसिनच्या जाळीवर पांढऱ्या डांबरगोळ्या टाकलेल्या असतात. मुलांना त्या पेपरमिंटच्या गोळ्या वाटतात. त्यांतलं नॅफ्थलीन पोटात गेलं तर विषारी आहे. जी६पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या मुलांमध्ये तर त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटू लागतात. कोपऱ्यातली फिनाइलची, अॅसिडची बाटलीही तशीच. म्हणून आत शिरल्यावर पहिली नजर कोपऱ्यांकडे आणि जाळीकडे टाकायची. संडास किती घाण आहे ते नंतर बघितलं तरी चालतं.

फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाने भारतीय पद्धतीचा संडास पाहिलेलाच नसतो. त्या काळ्या भोकात आपण पडू असं त्याला खरोखर वाटतं. तिथे 'काही होत नाही, बस!' असं दरडावून उपयोग नाही. गावी, आजोळी, कुठेही सवडीने चार वेळा सराव करून घ्या. बाहेर असताना चड्डी आणि पँट गुडघ्यापर्यंत नुसती खाली न करता एका पायातून पूर्ण काढा, नाहीतर ती ओल्या लादीवर लोळते. मग त्याच्या मागे उभं राहून दोन्ही काखांत हात घालून धरा. अगदी लहान असेल तर मांड्यांखाली हात घालून उचलूनच धरायचं, घरी धरतो तसं. लादी ओली असते, म्हणून आधी स्वतःचे पाय पक्के रोवा.

कमोड असला की दुसरी गंमत. 'सीटवरून आजार लागतो' म्हणून मुलाला बुटांसकट सीटवर उकिडवं बसवतात. पाय सटकतो, सीट तडकते, आणि पुढच्या माणसाला चिखलावर बसायला मिळतं. सीट नुसती टेकल्याने आजार क्वचितच लागतो. जंतू पोटात जातात ते हातांनी, म्हणजे कडी, नळ आणि फ्लशचं बटण यांवरून. सीट कागदाने पुसा, मुलाला बसवा, धरून ठेवा आणि बाहेर आल्यावर हात साबणाने धुवा. नुसत्या सॅनिटायझरवर भागवू नका. मळलेल्या हातांवर तो नीट काम करत नाही आणि उलट्या-जुलाबांच्या काही विषाणूंवर त्याचा फारसा परिणामही होत नाही. साबण नसेलच असं गृहीत धरून पर्समध्ये पेपर सोप ठेवा.

मॉलमधला आपोआप चालणारा फ्लश मूल बसलेलं असतानाच गर्जना करतो, आणि त्यानंतर पोरगं महिनाभर कुठल्याही कमोडवर बसायला तयार होत नाही. मागच्या सेन्सरवर तळहात किंवा कागदाचा चिटोरा धरून ठेवला की तो गप्प राहतो. जेट स्प्रेचा जोर आधी भांड्यात तपासा, मग मुलाला धुवा.

डायपर

बेसिनच्या ओट्यावर डायपर बदलू नका. तिथे लोक तोंड धुतात. बदलायचा टेबल नसेल तर गाडीची मागची सीट किंवा बाकावर प्लॅस्टिक अंथरून आडोसा करा. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, पण तो अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी आहे. आत कुणी पाजत असेल तर शीचा डायपर तिथे उघडण्याआधी विचारा. आणि बाबांनी बाहेरून हाक दिल्याशिवाय दार ढकलू नये. हिरकणी ज्या बाळासाठी कडा उतरली त्याला निवांत दूध मिळावं, एवढ्यासाठी तर ही खोली.

वापरलेला डायपर खिडकीच्या गजांत, टाकीच्या मागे किंवा थेट भांड्यात, हे तिन्ही प्रकार सर्रास दिसतात. रेल्वेच्या डब्यांखाली आता जैव-शौचालयाच्या टाक्या आहेत. त्यांतले जिवाणू मैला जिरवतात, डायपर आणि वाइप्स नाही. एक डायपर आत गेला की भांडं तुंबतं आणि उरलेला सगळा प्रवास अख्खा डबा उरलेल्या संडासांवर काढतो. तुंबलेला दिसलाच तर रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर कळवा, पुढच्या मोठ्या स्टेशनावर सफाई कर्मचारी येऊ शकतात.

डायपरमधली शी आधी संडासात झटकून घ्या, मग त्याची घट्ट गुंडाळी करून वर्तमानपत्रात बांधा. वापरलेले डायपर गुंडाळूनच द्यायचे, हे २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरणाऱ्यावरच टाकलं होतं. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेने पुडीवर लाल ठिपका काढायची पद्धत आणली, म्हणजे वेचणाऱ्या बाईला आत काय आहे हे उघडून बघावं लागत नाही. प्रवासातही पेनाने एक ठिपका काढायला काय लागतं?

निघताना

मुलाचा नेम चुकला, लादीवर सांडलं, तर दोन मग पाणी टाका. सीटवर उडालं असेल तर पुसा. शी जमिनीवर झाली असेल आणि पाणी नसेल तर गुपचूप सटकू नका, बाहेरच्या दादांना सांगा, बादली मागा. ते वैतागतील, पण पुढच्या माणसाचा पाय त्यात पडणार नाही. पाच-दहा रुपयांवरून तिथे हुज्जत घालू नये. पैसे घेऊन शौचालय स्वच्छ ठेवायची ही पद्धत सुलभने १९७४ मध्ये पाटण्यात सुरू केली. पाणी, वीज आणि झाडणाऱ्याचा पगार त्याच गल्ल्यातून निघतो. मुलाचे पैसे पडतात का, हे आत जाण्याआधीच विचारलं की वाद उरत नाही. आणि मूल नाक दाबून 'शी, किती घाण!' म्हणत असेल तर झाडू मारणाऱ्या मावशींच्या समोर त्यावर हसू नका.

इतकं करूनही चड्डी ओली होतेच कधीतरी. त्यावरून रांगेसमोर रागावू नका, आणि ती ओली चड्डी हात सुकवायच्या यंत्राखाली धरू नका. अख्खी खोली दरवळते आणि चड्डी वाळत नाहीच. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारा, दुसरी घाला. दुसरीही संपली असेल तर बाबांच्या टी-शर्टात गुंडाळून न्या, मुलांना ते फार आवडतं.