पिल्लू बोलावल्यावर येत नाही? मग या चुका टाळा

बडोद्यात सकाळी कुठल्याही मोकळ्या ग्राउंडवर जा, एक तरी माणूस हातात रिकामा पट्टा घेऊन "ब्रूनो कम, ब्रूनो कम, अरे इकडे ये ना" करत पळताना दिसतोच. मग तोच माणूस मला विचारतो की आमचा खूप फ्रेंडली आहे हो, पण बोलावलं की येतच नाही, काय करू? दरवेळी तेच सांगून थकलोय म्हणून एकदाच नीट लिहितो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे फक्त घरी जायच्या वेळी हाक मारणं. अर्धा तास तो खेळतोय तोवर तुम्ही मोबाइलमध्ये, आणि निघायची वेळ झाली की हाक, आला की पट्टा क्लिक, चला घरी. चार दिवसांत त्याला पक्कं कळतं की ही हाक आली म्हणजे मजा संपली, मग तो का येईल? माझी सवय अशी की खेळ चालू असतानाच मधे मधे बोलवायचं, आला की एका हाताने गळपट्टा धरायचा, दुसऱ्या हाताने उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा (शाकाहारी घरात पनीर चालतं), आणि लगेच "जा" म्हणून परत सोडायचं. गळपट्टा धरणं बरेच जण गाळतात आणि मग कुत्रा दोन फुटांपर्यंत येतो, खाऊ उचलतो आणि हात पुढे आला की सटकतो.

याहून वाईट म्हणजे आल्यावर मारणं. अकोटा-दांडिया बाजार पुलाच्या आसपास एक मुलगा त्याच्या आठ-नऊ महिन्यांच्या लॅब्रेडॉरला मोकळं सोडायचा. एकदा तो कुत्रा एका बगळ्यामागे थेट विश्वामित्रीच्या काठच्या झाडीत घुसला, हा वरून हाका मारून मारून रडकुंडीला आला. नदीत मगरी आहेत हे इथल्या लहान पोराला पण माहीत आहे, त्यामुळे आम्हा सगळ्यांचाच जीव टांगणीला. बऱ्याच वेळाने कुत्रा चिखलाने माखलेला, शेपूट हलवत, आपणहून वर आला आणि सरळ त्याच्या पायाशी येऊन बसला. त्या पोराने त्याच्या तोंडावर दोन सणसणीत ठेवून दिल्या. भीतीचा राग होता, मला समजतं, पण कुत्र्याच्या हिशोबात पळून जाण्याची शिक्षा ती नव्हतीच, परत येण्याची होती. त्यानंतर तो कुत्रा हाक मारली की दहा फुटांवर थांबायचा, कान मागे पाडून, जमिनीला चिकटून, हात उचलला की अजून मागे. ते बघवत नव्हतं. कितीही उशिरा येवो, आला की खाऊ आणि शाबासकीच. राग आला तर पट्टा लावून गप्प घरी चालत या.

आणि नदीकाठी पट्टा सोडायचाच नाही, तुमचा कुत्रा कितीही शिकलेला असला तरी. ऑगस्ट 2024 च्या पुरात मगरी सोसायट्यांमध्ये शिरल्या होत्या, विसरलात का?

आता सोशलायझेशन, म्हणजे पिल्लाला बाहेरच्या जगाची सवय लावणं. लोकांनी याचा अर्थ करून घेतलाय की दिसेल त्या कुत्र्याला भेटवायचं. पिल्लू नवीन गोष्टी सहज स्वीकारतं ते साधारण 3 ते 14 आठवड्यांच्या वयात, आणि नेमकं तेव्हाच लसी पूर्ण झालेल्या नसतात, पार्व्होची (पिल्लांच्या जीवावर बेतणारा विषाणूचा आजार) भीती असते. म्हणून घरात कोंडायचं नाही, कडेवर घ्यायचं. खंडेराव मार्केटच्या बाहेर उभं राहून हातगाड्या, रिक्षा, गायी, हॉर्न सगळं बघू द्या, फक्त रस्त्यावरच्या कुत्र्यांची घाण असते तिथे खाली सोडू नका. लसी झाल्यावर ओळखीचे, शांत, लस घेतलेले दोन-तीन मोठे कुत्रे भरपूर झाले. बाकी कुत्रे दिसले की त्यांच्याकडे एकदा बघून परत तुमच्याकडे बघायला शिकवा, त्यालाच खाऊ द्या. प्रत्येकाला भेटायची सवय लागलेलं पिल्लू वर्षाचं झालं की रस्त्यावरच्या टोळीत पण तसंच आनंदाने घुसतं, आणि त्या टोळीला त्याचा फ्रेंडलीपणा कळत नाही. चावा बसला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर. कुत्र्याला असो की सोडवायला गेलेल्या तुम्हाला.

चार महिन्यांचं पिल्लू मागे मागे फिरतं म्हणून पट्टा काढून टाकणारे पण खूप आहेत. तेव्हा ते लहान असतं म्हणून चिकटून असतं, शिकलेलं नसतं. सहाव्या महिन्यानंतर वास, पक्षी, दुसरे कुत्रे यांची ओढ सुरू होते आणि दीड वर्षापर्यंत ते चालतं. तोवर लांब दोरी, तीसेक फुटांची, हलकी, आणि ती गळपट्ट्याला नाही तर हार्नेसला (छातीभोवती बसणारा पट्टा) बांधायची, नाहीतर धावताना झटका मानेला बसतो. दोरी हाताला गुंडाळू नका, बोटं सोलून निघतात. लोकांना हा वर्षभराचा कंटाळा नको असतो, आठ दिवसांत रिझल्ट पाहिजे म्हणून मग शॉक कॉलर (विजेचा झटका देणारा गळपट्टा) मागवतात, मला ते अजिबात पटत नाही.

पाच वेळा हाक मारायची नाही, एकदाच मारा, नाही आला तर दोरीने हळूच जवळ आणा.

त्याच्या मागे पळू नका, उलट दिशेने पळा.

कोरडं बिस्किट घरात चालतं, ग्राउंडवर पळणारी खार दिसली की त्यापुढे ते टिकत नाही.

मे महिन्यात सकाळी सातच्या आत आटपा.

उत्तरायणचे दोन्ही दिवस, दिवाळी आणि गरब्याच्या रात्री पट्टा लावूनच बाहेर, आवाजाला घाबरलेला कुत्रा काही ऐकत नाही, शिवाय जमिनीवर मांजा पडलेला असतो तो वेगळाच.

हाक आधीच बिघडली असेल तर ती घासत बसू नका, सोडून द्या. शिट्टी घ्या, घरातच जेवणाचं ताट ठेवायच्या आधी रोज वाजवा, मग जिन्यात, मग सोसायटीच्या आवारात लांब दोरीवर, आणि सगळ्यात शेवटी ग्राउंडवर. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा की आंघोळीला किंवा नखं कापायला ती शिट्टी वाजवायची नाही, तिथे जाऊन उचलून आणा.