परीक्षक बदलले की गाण्याची स्पर्धा कशी पाहावी

मी गाणं शिकवते. टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धेचं नवं पर्व जाहीर झालं आणि खुर्चीत नवे चेहरे दिसले की विद्यार्थ्यांचे आईवडील हमखास विचारतात, 'ताई, आता यात पूर्वीची मजा राहील का? मुलांना दाखवू का?' दाखवा, पण जरा वेगळ्या पद्धतीने. परीक्षक गुण देतो हे त्याचं निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे घरी बसलेल्या माणसाला ऐकायला शिकवणं. परीक्षक बदलला की हा शिक्षक बदलतो, आणि नव्याला पारखायचं ते याच कामावर.

पर्व सुरू होण्याआधी एक गोष्ट करा. जुन्या परीक्षकांचं नेमकं काय आवडायचं ते कागदावर लिहून काढा. 'ते छान होते' एवढ्याने भागणार नाही. त्यांची स्पष्टता आवडायची, गाणं उलगडून सांगणं आवडायचं, की आपसातली थट्टामस्करी? हे माहीत नसेल तर काय हरवलं हेच कळत नाही, आणि नव्या माणसावर उगाच राग निघतो.

अमेरिकेतल्या गाण्याच्या स्पर्धेचं, अमेरिकन आयडॉलचं, उदाहरण यासाठी फार उपयोगी आहे. 2002 पासून सायमन कॉवेल, पॉला अब्दुल आणि रँडी जॅक्सन हे त्रिकूट बसायचं. 2009 मध्ये अब्दुल गेल्या, 2010 मध्ये कॉवेल गेले. कॉवेल म्हणजे तोंडावर 'नाही' म्हणणारा माणूस. तो गेल्यावर कार्यक्रम बुडेल असं अनेकांना वाटलं होतं. 2011 मध्ये गायिका जेनिफर लोपेझ आणि रॉक गायक स्टीव्हन टायलर आले, टीका मवाळ झाली, तरीही तो त्या हंगामात अमेरिकेतला सर्वाधिक पाहिला जाणारा कार्यक्रम राहिला. मग 2013 मध्ये गायिका मराया कॅरी आणि रॅपर निकी मिनाज एकाच पॅनेलवर आल्या. त्यांच्या भांडणाची चर्चा स्पर्धकांच्या गाण्यापेक्षा जास्त झाली. प्रेक्षक मोठ्या प्रमाणात घटले आणि पुढच्या पर्वात त्या पॅनेलमधले फक्त कीथ अर्बन परीक्षक म्हणून उरले. मला वाईट वाटतं ते कँडिस ग्लोव्हरचं. तिसऱ्यांदा ऑडिशन देऊन ती त्या पर्वाची विजेती झाली, अतिशय ताकदीची गायिका, आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते परीक्षकांचं वैर.

मात्र सगळं खापर परीक्षकांवर फोडू नका. तोवर कार्यक्रमाला दहा वर्षं उलटून गेली होती आणि 2011 पासून द व्हॉइस हा गाण्याच्याच स्पर्धेचा तगडा प्रतिस्पर्धी कार्यक्रम उभा होता. टीआरपी पडला म्हणजे नवा परीक्षक वाईट, हा निष्कर्ष घाईचा असतो.

आता प्रत्यक्ष पाहायचं कसं? ऑडिशनचे भाग जमेस धरू नका. त्यांत संकलनाची कात्री फार चालते, परीक्षकाचं लांबलचक बोलणं दोन वाक्यांवर येतं. खरी परीक्षा पुढच्या फेऱ्यांत, जेव्हा तोच स्पर्धक आठवड्यामागून आठवडे समोर येतो. तिथे डोळे मिटून गाणं ऐका. प्रकाशझोत, कपडे, पालकांचे पाणावलेले डोळे, काही दिसायला नको. गाणं संपलं की परीक्षक तोंड उघडायच्या आत आपलं मत वहीत लिहा: सूर कुठे हलला, श्वास कुठे तुटला, कुठली जागा, म्हणजे सुरांचं नाजूक वळण, सुंदर आली, शब्द स्वच्छ होते का. मगच परीक्षकाचं ऐका, आणि तो काय म्हणाला ते त्याच्या नावापुढे टिपा.

त्याच्या बोलण्यात एकच गोष्ट शोधा. ते ऐकून तुम्हाला गाणं पुन्हा लावावंसं वाटलं का? 'अंतऱ्यात सूर वर गेल्यावर तू आवाज दाबलास' असं कुणी म्हणालं, तर आपण मागे जाऊन तो अंतरा ऐकतो आणि आपल्याला ते खरंच ऐकू येतं. हा माणूस खुर्चीत राहिला पाहिजे. 'अंगावर काटा आला' एवढंच दर वेळी येत असेल, तर त्याचं नाव कितीही मोठं असो, शिकायला काही मिळत नाही. मोठा गायक चांगला परीक्षक असेलच असं नाही. स्वतःला सहज येणारी सुरांची चपळ हरकत दुसऱ्याला का येत नाही, हे सांगायला वेगळीच बुद्धी लागते.

पहिला 'नाही' कधी येतो तेही टिपून ठेवा. नवे परीक्षक सुरुवातीला जपून बोलतात, ते स्वाभाविक आहे. पण पर्व अर्ध्यावर आलं तरी सगळेच उत्तम असतील, तर स्पर्धेतली धाकधूक संपते आणि कौतुकालाही किंमत राहत नाही.

गाण्यांची निवड बदलते का, याकडे माझं सगळ्यात जास्त लक्ष असतं. स्पर्धक हुशार असतात. समोर शास्त्रीय बैठकीचा माणूस असेल तर नाट्यपद निवडावंसं वाटतं, चित्रपट संगीतकार असेल तर हाती ठेक्याची गाणी येतात. दोन पर्वांच्या गाण्यांच्या याद्या शेजारी ठेवा, कार्यक्रमाचा पोत का बदलला ते बऱ्याचदा तिथेच सापडतं.

रचनाही पाहा. द व्हॉइसमध्ये परीक्षक पाठमोरे बसून फक्त आवाज ऐकतात, बटण दाबून खुर्ची वळवतात, मग आपापला संघ बांधतात. तिथे माणसं बदलली तरी खेळ तोच राहतो. शिवाय अमेरिकेत गायक ब्लेक शेल्टन परीक्षक म्हणून 2011 पासून 2023 पर्यंत कायम होते, त्यामुळे शेजारी कुणीही नवं आलं तरी घर ओळखीचं वाटे. झी मराठीच्या सारेगमप लिटिल चॅम्प्सच्या गाजलेल्या पर्वात अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक होते, आणि 'वरचा सा', म्हणजे सगळ्यात वरचा गुण, मिळणं म्हणजे काय हे घराघरांत ठाऊक होतं. अशी मोजपट्टी कार्यक्रमाची स्वतःची असेल, तर नवा परीक्षकही तीच हातात घेऊन बसतो.

जुने स्पर्धक परीक्षक होऊन येतात तेव्हा जास्त सावध राहा. लिटिल चॅम्प्सच्या 2021 च्या पर्वात कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत ज्युरी म्हणून आले. त्या मंचावर लहानपणी उभं राहिलेल्यांना समोरच्या मुलाची भीती कळते, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. पण आपण मात्र त्यांच्याकडे पाहून जुन्या आठवणींत रमतो आणि आजचं मूल ऐकायचं राहून जातं. अशा पर्वात वहीत आधी मुलाचं नाव लिहा.

पाच-सहा भागांनंतर वही उघडा. परीक्षकाच्या नावापुढे सूर, लय, श्वास, उच्चार असं काही दिसत असेल, तर पर्व मुलांसोबत पूर्ण पाहा, परीक्षक आवडता असो वा नसो. नुसती विशेषणंच दिसली, तर टिप्पणी चालू असताना आवाज बंद करा आणि गाणी तेवढी ऐका. गाणारी मुलं तर नवी आहेत, त्यांचं गाणं चुकवू नका.