एडमोनिया लुईस यांची शिल्पे कशी पाहावीत

एडमोनिया लुईस या एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन शिल्पकर्तीची, उत्तर अमेरिकेतील चिपेवा या मूळनिवासी जमातीच्या वंशातील कलावतीची, ओळख बहुतेकांना ‘द डेथ ऑफ क्लिओपात्रा’ या शिल्पापासून होते, कारण त्या शिल्पाची पुढे झालेली परवड ऐकणाऱ्याला थक्क करणारी आहे. माझा आग्रह मात्र असा आहे की सुरुवात ‘द ओल्ड ॲरो मेकर’ या लहानशा शिल्पापासून करावी आणि क्लिओपात्रा सर्वांत शेवटी पाहावी. चरित्र आधी वाचले की दगडाकडे नीट पाहणे राहूनच जाते, असा या बाबतीत नेहमीचा अनुभव आहे.

तरीही थोडी पार्श्वभूमी हवीच. लुईस यांचा जन्म १८४४ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातील ग्रीनबुश येथे झाला. आईकडून त्या मिसिसॉगा ओजिब्वे, म्हणजेच चिपेवा; वडील कृष्णवर्णीय. आईवडील लहानपणीच वारल्यावर मावश्यांनी त्यांना सांभाळले, आणि नायगारा धबधब्याच्या परिसरात पर्यटकांना टोपल्या व मोकासिन (मऊ कातडी पादत्राणे) विकण्याचे काम त्या त्यांच्यासोबत करीत. मोठ्या सावत्र भावाने पैसा पुरवला म्हणून १८५९ मध्ये त्या ओहायो राज्यातील ओबर्लिन कॉलेजात दाखल झाल्या. तेथे १८६२ मध्ये दोन मैत्रिणींवर विषप्रयोग केल्याचा आरोप त्यांच्यावर आला, जमावाने त्यांना बेदम मारले, आणि जॉन मर्सर लँगस्टन या कृष्णवर्णीय वकिलांनी बाजू मांडल्यावर त्या निर्दोष सुटल्या. परंतु शिक्षण पूर्ण करू दिले गेले नाही. ती पदवी कॉलेजने त्यांना मरणोत्तर दिली, तीही २०२२ मध्ये.

आता दगडाकडे वळण्यापूर्वी त्या काळची कामाची पद्धत समजून घ्यावी, कारण ती न समजता या शिल्पांचे मोल कळत नाही. शिल्पकार आधी मातीत प्रतिमा घडवी, तिच्यावरून प्लास्टरचा नमुना तयार होई, आणि सुईसारख्या उपकरणाने त्या नमुन्यावरील बिंदूंची खोली मोजून ती संगमरवरात उतरवली जाई. प्रत्यक्ष टाकी चालवण्याचे काम रोममध्ये बहुधा पगारी इटालियन कारागीर करीत, आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नसे. पण हॅरिएट हॉस्मर या अमेरिकन शिल्पकर्तीवर मात्र ‘काम तुमचे नव्हेच’ असा आरोप झाला होता. १८६५-६६ च्या हिवाळ्यात रोमला आलेल्या लुईस यांनी, निदान सुरुवातीच्या काळात, संगमरवर स्वतःच्या हातांनी कोरण्याचा मार्ग धरला. म्हणून त्यांच्या शिल्पात केस, कातडे आणि कापड यांचे पोत शेजारीशेजारी कसे बदलतात, हे सावकाश पाहावे. शिल्पाखाली दोन वर्षे दिलेली असतील, तर पहिले नमुन्याचे आणि दुसरे संगमरवराचे असते. ‘ॲरो मेकर’बाबत ती १८६६ आणि १८७२ अशी आहेत.

हे शिल्प दोन फुटांहूनही कमी उंचीचे आहे. म्हातारा बाप बाणाचे टोक घडवतो आहे, मुलगी मिनेहाहा शेजारी बसून विणते आहे, आणि पायांशी हरिण पडलेले आहे. दोघांनीही हातातले काम थांबवून मान वर केली आहे. अमेरिकन कवी लाँगफेलो यांच्या ‘हायवाथा’ काव्यातील हा प्रसंग आहे, आणि मिनेहाहाला मागणी घालायला दारात आलेला नायक हायवाथा शिल्पात कोठेच नाही. तो उभा असेल त्या जागी आपण उभे असतो. म्हणून समोरून पाहताना किंचित उजवी-डावीकडे सरकून त्यांची नजर नेमकी कोठे पोहोचते, ती जागा शोधावी. त्यानंतर दोन्ही चेहरे ताडून पाहावेत. बापाचा चेहरा, त्याचे कपडे, गळ्यातील दागिना यांत मूळनिवासी माणूस ठसठशीत दिसतो. मुलीचा चेहरा मात्र ग्रीक मूर्तींच्या वळणाचा आहे. ग्राहकांना तेच रुचत असे, हे कारण खरेच, पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचे हे की, ज्या समाजाला त्या काळची अमेरिका रानटी म्हणत होती, त्याला लुईस यांनी घरात, कामात आणि मायेत दाखवले.

यानंतर गुलामगिरीतून झालेल्या मुक्ततेवरचे ‘फॉरएव्हर फ्री’ (१८६७) पाहावे. पुरुषाच्या उंचावलेल्या मनगटाला तुटलेली साखळी आहे, स्त्री गुडघ्यावर बसून हात जोडते आहे. हे शिल्प हॉवर्ड विद्यापीठाच्या संग्रहात आहे. बायबलमधील, घराबाहेर काढलेल्या दासीचे शिल्प ‘हेगार’ (१८७५) पाहताना पायाशी कलंडलेली घागर चुकवू नये.

मग क्लिओपात्रा. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त १८७६ मध्ये फिलाडेल्फियात भरलेल्या प्रदर्शनासाठी घडवलेल्या या शिल्पाचे वजन सुमारे १,३६० किलो आहे. इतर शिल्पकारांची क्लिओपात्रा, म्हणजे इजिप्तची राणी, मृत्यूच्या विचारात असे. लुईस यांची राणी मरण पावलेली आहे, डोके मागे कलले आहे, डावा हात सिंहासनावरून लोंबतो आहे. पुढे हे शिल्प शिकागोतील एका दारूच्या गुत्त्यात, नंतर ‘क्लिओपात्रा’ याच नावाच्या शर्यतीच्या घोड्याच्या कबरीवर, आणि शेवटी एका ठेकेदाराच्या आवारात जाऊन पडले. मध्यंतरी त्याच्यावर रंगही फासला गेला. १९९४ मध्ये ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आले व त्याची दुरुस्ती झाली. त्यामुळे झिजलेला भाग आणि नंतर घडवलेला भाग वेगळे ओळखण्याचा प्रयत्न करावा, आणि सिंहासनाची बाजू पाहावी: तेथील इजिप्शियन वाटणाऱ्या अक्षरांना काहीही अर्थ नाही, ती निव्वळ सजावट आहे.

चरित्र वाचताना एक पथ्य पाळावे. लुईस यांनी आपल्या जन्माबद्दल व बालपणाबद्दल वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे सांगितले आहे, त्यामुळे त्यांच्या मुलाखतींतील वाक्ये जन्मनोंदीसारखी वापरू नयेत. १९०७ मध्ये त्यांचे लंडनमध्ये निधन झाले, आणि केन्सल ग्रीनच्या कॅथलिक दफनभूमीतील त्यांची कबर शंभराहून अधिक वर्षांनी शोधून काढली गेली. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियममध्ये ‘ॲरो मेकर’, ‘हेगार’ आणि ‘क्लिओपात्रा’ ही तिन्ही शिल्पे आहेत. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. तेथे राहणाऱ्या किंवा जाणाऱ्या मराठी वाचकांनी हाताशी दोन तास ठेवावेत, आणि निघण्यापूर्वी कोणते शिल्प दालनात मांडलेले आहे, हे संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे.